पूर्वेच्या भिंतीवरची फांदी

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे भेगाबाई म्हणतात. तोंडावरसुद्धा. त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. फोन उचलला की स्वतःच म्हणतात, "हं, भेगाबाई बोलतेय."

आमचं ऑफिस जुन्या इमारती तपासून देतं. इमारत धोक्याची आहे की नाही हे ठरवतात साहेब, कारण इंजिनिअर ते. पण त्याआधी घरोघर जाऊन भिंती, तुळया, छत बघायचं, भेगा मोजायच्या, फोटो काढायचे आणि सगळं वहीत टिपून आणायचं हे काम भेगाबाईंचं. एकवीस वर्षं त्या हेच करतायत. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते आणि त्यांच्या टिपणांवरून अहवाल टाइप करते. त्यामुळे त्यांचं अक्षर त्यांच्या नवऱ्यापेक्षा मला जास्त लागतं, आणि पुढे जे झालं त्यात माझीही साक्ष काढली गेली.

बाई बुटक्या, अंगाने भरलेल्या, चालायला मात्र तुरतुरीत. खांद्यावरच्या पिशवीत टेप, बॅटरी, पेन्सिल आणि भेगेत सरकवून रुंदी मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. कोणाच्याही घरी गेल्या की घरातलं माणूस "बसा" म्हणायच्या आत यांची नजर छताला लागलेली असते. पुतण्याच्या लग्नात सगळे नवरा-नवरीकडे बघत होते आणि या हॉलच्या कोपऱ्यातल्या ओलीकडे. जेवायला बसल्यावर जाऊबाईंना म्हणाल्या, "त्या बाजूला नका बसू." जाऊबाई अजून ते विसरलेल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसचा कॅमेरा जिन्यावरून घरंगळला आणि बंद पडला. नवा येईपर्यंत तुमच्याच फोनवर फोटो काढा, असं साहेब म्हणाले. नवा काही लवकर आला नाही. बाईंचा फोन भेगांनी भरून गेला.

त्यांच्या बहिणीची मुलगी शिकायला त्यांच्याकडे राहते. एका रविवारी सकाळी ती मावशीचा फोन घेऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, यात एक तरी माणूस आहे का गं?"

"माणसं कशाला? माणसं घरात आहेत की."

भाचीने गंमत म्हणून एक भेग उचलली. फोनमधल्या कुठल्याशा अॅपमध्ये घालून भिंतीचा पिवळट रंग गडद निळा केला आणि भेग सोनेरी करून मावशीसमोर धरली.

बाई बघतच राहिल्या. "हे काय झालं?"

"काही नाही, रंग बदलला."

"पण ही तर नदी आहे."

"मग म्हण नदी."

"म्हण म्हणजे काय? आहे की नाही?"

भाची हसली आणि आंघोळीला गेली. बाई मात्र तो फोन हातात धरून तशाच बसून राहिल्या. मला हे सगळं त्यांनी सोमवारी डबा खाताना सांगितलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, छान आहे. त्या म्हणाल्या, "छान आहे ते दिसतंय गं. पण आहे काय?"

मी डबा धुवायला उठले. पण बाईंना नाद लागला. डबा संपला की उरलेली वीस मिनिटं त्या बोटाने फोनवर काहीतरी करत बसायच्या. ओलीच्या डागाची मेंढरं झाली. गंजलेल्या सळईतून पेटलेलं रान निघालं. रंगाचे पोपडे उडून पक्षी झाले. कधी त्या होतं तेच फक्त रंगवायच्या, कधी बोटाने वर चार रेघा स्वतःच्या ओढायच्या. कुठे काय केलं हे त्या टिपून ठेवत नसत. वहीत अर्धा मिलिमीटरसुद्धा न सोडणारी ही बाई, पण हे टिपायचं असतं हे त्यांच्या मनातच आलं नाही.

त्यांचे यजमान बस डेपोत वेळापत्रकं लावतात. अतिशय काटेकोर माणूस. त्यांनी एकदा चष्मा वर करून विचारलं, "हे कशाचं चित्र?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाचं."

"मग हा चंद्र?"

"तो पाइप आहे."

"बरं," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. बाई मला म्हणाल्या, "त्यांनी 'बरं' म्हटलं म्हणजे त्यांना कळलं की नाही कळलं?"

फोनची जागा संपली तेव्हा भाचीने सांगितलं की जुने फोटो पुसून टाक, चित्रं तेवढी ठेव. ऑफिसला लागणारे फोटो बाईंनी आधीच दिलेले होते. प्रत्येक इमारतीचे सर्वांत वाईट बारा, तेवढेच अहवालात लागतात. बाकीचे कोणी विचारत नाही. बाईंनी ते पुसून टाकले.

मग भाचीने त्यांना न सांगता नऊ चित्रं गावातल्या वाचनालयाच्या हौशी लोकांच्या प्रदर्शनाला पाठवली आणि नऊच्या नऊ निवडली गेली. जाड कागदावर मोठी करून छापली तेव्हा ती खरोखरच डोळ्यांत भरत होती. नावं भाचीने दिली होती. 'प्रतीक्षा', 'परतीची वाट', 'विरह'. मी बाईंना विचारलं, "विरह का हो?" त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? भाचीला विचार. मला तर ते गच्चीच्या टाकीखालचं गळणं आहे एवढंच माहीत आहे."

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासोबत उभी होते. दाढीवाला एक तरुण आला, गंभीर चेहरा करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "यातून तुम्हाला काय म्हणायचंय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"काही म्हणायचं नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मौन?"

"नाही, म्हणजे... भिंत आहे."

त्याने ते लिहून घेतलं. घरी जायला आम्ही बस धरली. बसमध्ये एकदम म्हणाल्या, "लोक माझं कौतुक करतायत, पण मी काढलंय कुठे काही? ते तिथे होतंच. मी फक्त..." वाक्य तिथेच थांबलं. आमचा थांबा आला तरी ते पुरं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी एक सत्तरीचे गृहस्थ आले. त्याच वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले, रोज पेपर चाळायला येणारे. नवव्या चित्रासमोर ते उभे राहिले ते हलेचनात. जांभळ्या आभाळावर एक तिरपं, निष्पर्ण झाड. खोड सोनेरी, मध्यावर उजवीकडे गेलेली एकच लांब फांदी, आणि खाली कोपऱ्यात एक काळा चौकोन.

"हा चौकोन," ते बाईंना म्हणाले, "माझ्या विजेच्या बटणांचा बोर्ड आहे."

बाईंनी निरखून बघितलं आणि त्यांना आठवलं. चौदा महिन्यांपूर्वी तपासलेली चार मजली इमारत, तिसरा मजला, दिवाणखाना. "काका, तुम्ही पुस्तकांचं कपाट सरकवून दिलं होतंत!"

"तेच. तीस वर्षांत पहिल्यांदा सरकवलं. बायकोने लावलेलं होतं, ती गेल्यावर मी हात लावला नव्हता."

बाई ओशाळल्या. "तुम्हाला विचारायला हवं होतं मी."

"भिंतीबद्दल काय विचारायचं? छान झालीये." ते पुन्हा चित्राकडे वळले. बोट हवेत धरून त्यांनी ती उजवी फांदी गिरवली, आणि घाईघाईने नमस्कार करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑफिसात त्यांचा फोन आला. बाई "हं, भेगाबाई" म्हणाल्या आणि पुढचं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

ग्रंथपालकाकांनी घरी जाऊन भिंत बघितली होती. कपाट त्यांनी तेव्हापासून परत लावलं नव्हतं, तिथे आता खुर्ची होती. भिंतीवर भेग होती आणि भेगेला फांदीही होती. चित्रात होती तशीच, उजवीकडे, खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे गेलेली. "पण बाई," ते म्हणाले, "माझ्या आठवणीत ती नव्हती. अर्थात माझ्या आठवणीचं काही खरं नाही. म्हणून विचारतो, तुम्हाला ती फोटोत दिसली होती, की तुम्ही हाताने काढलीत?"

बाईंनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "काढली का गं मी?"

आता यात एवढं काय, असं कोणालाही वाटेल. म्हणून सांगते. फांदी चौदा महिन्यांपूर्वीच्या फोटोत असेल, तर ती जुनी. भिंत तेव्हा होती तशीच आहे, कोणी घाबरायचं कारण नाही. पण ती बाईंनी चित्रापुरती मनाने काढलेली असेल, तर भिंतीवरची फांदी या वर्षभरात फुटलेली. योगायोगाने त्याच बाजूला. म्हणजे इमारत हलते आहे, आणि भेग खिडकीच्या वर भिंतीत टेकलेल्या, छत पेलणाऱ्या तुळईकडे निघाली आहे. आठ कुटुंबं राहतात तिथे.

मूळ फोटो पुसलेला. अहवालातल्या बारा फोटोंत ही भेग नव्हती, कारण ती अगदी बारीक होती. मी टाइप केलेली ओळ होती: "दिवाणखाना, पूर्व भिंत, केसासारखी तिरपी भेग, लांबी एक मीटर दहा." फांदीचा उल्लेख नाही. पण एवढ्या बारीक भेगेला फांदी असली तरी बाई प्रत्येक वेळी लिहितातच असं नाही. आम्ही वही काढली. वहीत बाईंनी त्या भिंतीचं छोटं रेखाटन केलं होतं. एक तिरपी रेघ, आणि तिच्या मध्यावर उजवीकडे एक फटकारा.

"ही बघा फांदी!" मी म्हटलं.

बाईंनी वही उजेडात धरली. "ही फांदी आहे की वरच्या ओळीतल्या 'पूर्व'चा उकार खाली आलाय?"

मी बघितलं. त्यांचं अक्षर मला इतकी वर्षं लागतं, पण मला सांगता येईना. कधी फांदी वाटे, कधी उकार. साहेब आत होते, त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघी आधी त्या घरी गेलो. बाईंनी खुर्ची बाजूला केली, बॅटरी तिरपी धरली. मुख्य भेग तेवढीच होती, तिच्या टोकाला बाईंनी तेव्हा केलेली पेन्सिलची खूणही जिथल्या तिथे होती. रुंदीही तीच. वेगळी होती ती फक्त फांदी, आणि तिच्या टोकाला खूण नव्हती. खूण नव्हती म्हणजे तेव्हा फांदी नव्हती, की फांदीला खूण करायची राहून गेली? बाईंनी भिंतीला कान लावला. मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

"काय ऐकताय?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी त्यांनी ती नऊ चित्रं फोनवर एकेक करून उघडली आणि मोजलं. सहांमध्ये स्वतःच्या रेघा ओढल्याचं नक्की आठवत होतं. दोन चित्रांमध्ये ओढल्या नव्हत्या, हेही नक्की. नववं तेवढं मधेच. भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, तू तेव्हा मला दाखवलंस तेव्हा झाडच होतं." यजमानांना विचारलं.

"तुला आठवत नाही, म्हणजे नव्हती," ते म्हणाले.

"काय नव्हती? भिंतीवर नव्हती, की मी काढली नव्हती?"

यजमानांनी पेपर खाली ठेवला. "तू काय विचारतेयस तेच मला कळत नाहीये," ते म्हणाले. मग त्यांनी उठून बाईंसाठी चहा टाकला. असं ते क्वचित करतात.

बाईंनी कोऱ्या कागदावर तिरपी रेघ काढून डोळे मिटून बोट फिरवून बघितलं, आपलं बोट आपोआप उजवीकडे जातं का. कधी उजवीकडे गेलं, कधी डावीकडे.

सकाळी ऑफिसात मी त्यांना सल्ला दिला, आणि आज मला त्याची लाज वाटते. मी म्हटलं, "बाई, होती म्हणून सांगा ना. वहीत फटकारा आहेच. आठ घरांना कशाला घोर? शिवाय तुमच्यावर येईल."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, मी परक्या भाषेत बोलल्यासारख्या. "अगं, पण मला माहीत नाहीये," एवढंच म्हणाल्या आणि साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "फोटो पुसले? कामाचे फोटो?"

"हो."

"आणि आता फांदी होती की नव्हती?"

"मला माहीत नाही, साहेब."

"एकवीस वर्षांत तुम्ही मला 'माहीत नाही' म्हटलेलं नाही."

"आधी वेळ आली नव्हती."

साहेब आवाज चढवत नाहीत. ते पेनाचं टोपण काढतात आणि घालतात. तसं चार-पाच वेळा करून म्हणाले, "काय धरू मी? होती धरू, की नव्हती?"

बाई म्हणाल्या, "नव्हती धरा."

त्याच दुपारी इमारतीत लोखंडी टेकू गेले. खालच्या मजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक दिवाणखान्याच्या मधोमध दोन-दोन खांब, तुळईला आधार म्हणून. पूर्वेकडच्या खोल्यांत झोपायचं नाही, जड सामान ठेवायचं नाही. फांदीवर आडव्या पाच काचेच्या बारीक पट्ट्या प्लॅस्टरने चिकटवल्या. भिंत जराशीही हलली की काच तडकते, एवढं साधं ते गणित. तीन महिने बघायचं असं ठरलं.

रहिवासी भडकले ते बरोबरच होतं. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं मशीन दिवाणखान्यातच होतं, त्यांना ते उचलून स्वयंपाकघरात न्यावं लागलं. त्या जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्हाला चित्रंच काढायची होती तर स्वतःच्या भिंतीची काढायची. आमच्या घरात कशाला आलात?" बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. म्हणाल्या, "खरं आहे तुमचं." त्यावर शिंपीणबाई आणखी चिडल्या, कारण भांडायला समोर कोणी उरलंच नाही.

दर सोमवारी बाई काचा बघायला जायच्या. बऱ्याचदा मीही जायचे. ग्रंथपालकाकांनी पुस्तकं मधल्या बोळात रचली होती, त्यांच्यामधून आडवं होऊन जावं लागे. स्वतः ते स्वयंपाकघरात सतरंजीवर झोपत. टेकूच्या एका खांबावर त्यांनी टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली होती, दुसऱ्याला चष्म्याची दोरी अडकवलेली असे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण एकदा म्हणाले, "मी फोन केला नसता तर बरं झालं असतं का हो?"

"नाही," बाई म्हणाल्या. मग पुन्हा काचा बघत, "म्हणजे, मला तसं वाटतं."

पहिल्या महिन्यात काच तडकली नाही. दुसऱ्यातही नाही. आपण सुटणार म्हणून बाईंना बरं वाटायला हवं होतं, पण त्यांचा जीव उलट जास्तच टांगणीला लागला. मला म्हणाल्या, "एखादी तडकली तर मला कळेल तरी, की ती फांदी मी काढली होती." आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. त्या घरातली माणसं त्यांच्या डोळ्यांपुढे आली असावीत.

तीन महिने झाले. पाचही काचा जशाच्या तशा. साहेबांनी यंत्र लावून तुळई तपासली, ती ठणठणीत निघाली. त्यांनी शेवटच्या अहवालात लिहिलं, आणि मी ते टाइप केलं, की सदर फांदीवजा भेग एक तर पूर्वीपासून होती, किंवा मधल्या काळात पडून थांबली आहे. यांपैकी काय हे सांगता येत नाही. सध्या धोका नाही. टेकू निघाले. भेगा भरून घेतल्या. शिंपीणबाईंचं मशीन जागेवर गेलं. जिन्यात कोणी म्हणालं की विनाकारण तीन महिने छळलं, कोणी म्हणालं की झालं ते बरं झालं, एकदा बघून तरी झालं.

ऑफिसात बाईंना साहेबांनी एक पत्र दिलं. कामाचे फोटो त्याच दिवशी जमा करावेत, परस्पर पुसू नयेत, पुन्हा असं घडल्यास वगैरे. तेही मीच टाइप केलं. बाईंनी दोनदा वाचून सही केली. आणि साहेबांनी अखेर नवा कॅमेरा घेतला.

चित्रं बाईंनी काही महिने सोडली. मग पुन्हा सुरू केली, पण आता घरातल्याच गोष्टींची. बादलीतलं साबणाचं पाणी, यजमानांच्या शर्टाची कॉलर, भाचीचे केस अडकलेला कंगवा. वाचनालयाने पुन्हा विचारलं तेव्हा त्या "बघू" म्हणाल्या. अजून बघतायत.

नववं चित्र ग्रंथपालकाकांनी मागून घेतलं. मागच्या महिन्यात त्यांनी आम्हाला दोघींना बोलावलं होतं. भिंत आता सपाट, पांढरी, रंगवलेली. कपाट परत जागेवर. चित्र त्यांनी समोरच्या भिंतीवर लावलंय, खुर्चीतून दिसेल असं.

"बाई," ते म्हणाले, "रोज बघतो. आणि आता मला वाटायला लागलंय की ती फांदी होतीच."

बाई पुढे सरसावून बसल्या. "आठवलं तुम्हाला?"

"आठवलं असं नाही. बघून बघून वाटतं."

बाई मागे टेकल्या. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग कपाटाकडे, मग माझ्याकडे. आम्ही उठलो. खाली उतरताना त्यांनी मला विचारलं, "हे साहेबांना सांगायला हवं का गं?" मी म्हटलं, यात सांगण्यासारखं काय आहे? त्या पुढे उतरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलंच. साहेबांनी टोपण काढलं, घातलं आणि म्हणाले, "बाई, आता पुरे."